पोटरी धरून थांबायचं

"हर्डल्सचा टेम्पो अजून पोचलेला नाही," माइकवरून आवाज आला. "तेव्हा चारशे मीटर हर्डल्स पुढे ढकलण्यात येत आहे. मुलींची पंधराशे मीटर आधी होईल. खेळाडूंनी ताबडतोब कॉल रूमला यावे."

हातातला चहाचा कप मी तसाच गवतात ठेवला आणि उठलो. कप कलंडला. तिकडे बघायलाही मला वेळ नव्हता. वैजयंता काळेल कुठे आहे ते मी शोधत होतो.

विद्यापीठाच्या आंतरविभागीय मैदानी स्पर्धा होत्या, दुसऱ्या एका तालुक्याच्या कॉलेजवर. चुन्याची फक्की मारून आखलेला ट्रॅक, बांबूला बांधलेले दोन भोंगे, आणि हर्डल्स पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोने यायच्या होत्या. टेम्पो घाटात पंक्चर झाला होता म्हणे. वेळापत्रकाप्रमाणे मुलींची चारशे हर्डल्स सकाळी नऊला आणि पंधराशे दुपारी चारला होती. आता पंधराशे आधी होणार आणि टेम्पो आला की लगेच हर्डल्स. मध्ये फार तर पाऊण तास.

वैजू हर्डल्सची मुलगी. दोन वर्षं मी तिला हर्डल्सच शिकवली होती. कॉलेजकडे धड दोनच हर्डल्स होत्या, म्हणून विटांवर बांबू आडवे टाकून मी बाकीच्या केल्या होत्या. प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या दोन मुलींची निवड विद्यापीठाच्या संघात होणार आणि त्यांना कलरचा, म्हणजे विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेला, कोट मिळणार. मागच्या वर्षी वैजू तिसरी आली होती, छातीएवढ्या अंतराने. हे तिचं शेवटचं वर्ष. माण तालुक्यातल्या तिच्या गावात कुणाकडे असला कोट नव्हता आणि सव्वीस जानेवारीला तो घालून शाळेत झेंड्याला उभं राहायचं, हे तिने माझ्याजवळ निदान दहा वेळा बोलून दाखवलं होतं.

मग तिचं नाव पंधराशेत कशाला घातलं, असं कुणीही विचारील. मीच घातलं. एका खेळाडूला तीन प्रकार घेता येतात. अर्जावर तीन रकाने असतात आणि रिकामा रकाना मला बघवत नाही. प्राचार्यांना सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल हवी होती, एखाददुसरा गुण कुठेही मिळाला तर हवाच होता. वैजूची लांब उडी आदल्या दिवशीच झाली होती, पंधराशे दुपारी होती. हर्डल्स झाल्यावर पळेल, जमलं तर जमलं, असा माझा हिशेब होता.

मी स्वतः असाच वाढलो. आमच्या या कॉलेजचाच मी विद्यार्थी. खो-खो, कबड्डी, हर्डल्स, लांब उडी आणि पाच हजार मीटर. होस्टेलवर मला पंचमिसळ म्हणायचे. सकाळी उडीच्या वाळूत, दुपारी कबड्डीच्या मातीत आणि संध्याकाळी खो-खोच्या खांबाला लोंबकळत. पायाला भिंगरी होती आणि तिचं मला कौतुक होतं. तीन वर्षं कॉलेजने ढाल नेली, तिन्ही फोटोंत मी मधोमध बसलोय. विद्यापीठाचा कलर मात्र मला पाचांतल्या एकाही खेळात मिळाला नाही. ते मी लोकांना हसत हसत सांगायचो. पुढे मोकाशी सर निवृत्त झाले आणि त्यांच्याच जागेवर त्यांचाच हा विद्यार्थी क्रीडा संचालक म्हणून आला, याचा कॉलेजला आनंद झाला. मला तर फारच झाला होता.

वैजू लिंबाखाली पाय लांब करून बसली होती. बुटाच्या नाड्या सोडवून पुन्हा बांधत होती.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"व्हय. मी पंधराशेला जात न्हाई. तुम्ही सांगा त्यांना, नाव काढा."

"नाव काढता येत नाही. सकाळीच कायम केलंय. आता गेली नाहीस तर आजच्या पुढच्या सगळ्या प्रकारांतून बाद करतील. हर्डल्सपण गेली."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं रडते की काय. पण ती रडली नाही, चिडली.

"मग कशाला लिवलं व्हतं सर नाव?"

"ते आता सोड. नीट ऐक." मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "जायचं, लाइनवर उभं राहायचं, पळायचं. सगळ्यांच्या मागे. अजिबात जोर लावायचा नाही. हा समोरचा सरळ भाग संपला, वळणावर आलीस, की पोटरी धरायची. डावी. दोन पावलं लंगडायचं आणि आत गवतात बसायचं. डॉक्टर येतील, स्प्रे मारतील. पाय दाबला की 'आई गं' म्हणायचं. एक फेरीसुद्धा होत नाही. पाय ताजे राहतील."

"खोटंच?"

"खोटंच. पण दिसायला खरं. मुद्दाम थांबलीस असं वाटलं तरी बाद करतात."

"तुम्ही केलंय असं?"

"केलंय. जमतं."

ती उठली, कपडे झटकले. "वळणावर," ती म्हणाली. "डावी पोटरी."

"डावी. विसरू नकोस, नंतर उजव्या पायाने लंगडशील."

त्यावर ती जराशी हसली आणि गेली.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी दोरीच्या कडेकडेने वळणापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. डॉक्टरांचं टेबल कुठे आहे ते बघून ठेवलं. फाटकावर जाऊन टेम्पो येताना दिसतोय का तेही बघून आलो. सगळे आपापल्या जागी शांत उभे होते आणि मलाच कुठे उभं राहावं ते सुचत नव्हतं.

शेवटच्या रेषेजवळ, छत्रीखाली मोकाशी सर खुर्चीत बसले होते. निवृत्त झाले तरी विद्यापीठ त्यांना निरीक्षक म्हणून बोलवायचं. गुडघ्यावर टोपी, डोळे बारीक. मला बघून त्यांनी हात केला. मीही लांबूनच हात केला आणि पुढे गेलो. आत्ता त्यांच्याशी बोलायची मला इच्छा नव्हती.

पिस्तूल वाजलं. चौदा मुली निघाल्या. वैजू मागून दुसरी, अगदी सांगितल्याप्रमाणे. पंधराशेची सुरुवात पलीकडच्या बाजूने होते, त्यामुळे पहिल्यांदा आमच्यासमोर यायला तीनशे मीटर लागतात. ती समोरून गेली तेव्हा खांदे सैल होते, तोंड मिटलेलं. शाब्बास, मी मनात म्हटलं. आता वळण.

वळण आलं. तिने पोटरी धरली नाही.

चुकली असेल, पुढच्या वळणावर धरेल, असं म्हणून मी उलट्या बाजूने मैदानाला वळसा घालून पळत सुटलो. दोरीच्या बाहेरून, खुर्च्या आणि पाण्याचे ड्रम चुकवत. पलीकडच्या वळणावर मी तिच्या आधी पोचलो आणि हात हलवला. तिने मला बघितलं. नक्की बघितलं. आणि पुढच्या मुलीला बाहेरून ओलांडून ती निघून गेली.

"वैजू! थांब!"

बाजूला उभे असलेले दुसऱ्या कॉलेजचे सर माझ्याकडे वळले. "अहो, थांब काय? पोरगी चांगली पळतीय की!"

"तुम्हाला काय करायचंय?" मी खेकसलो.

दुसरी फेरी सुरू झाली होती. ती आता आठवी होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षं, विटा आणि बांबू, पहाटे पाचला मैदानावर, आणि ही बया आज हौसेने पंधराशे पळतेय! हर्डल्सला पाय कुठून आणणार? ती पुन्हा समोरच्या सरळ भागात आली तेव्हा मी रेषेजवळ उभा होतो आणि अक्षरशः बोंबलत होतो. "थांब! पोटरी! अगं पोटरी!" आजूबाजूची पोरं हसायला लागली. त्यांना वाटलं, तिची पोटरी दुखत असताना पळवतोय मी, किंवा काय वाटलं देव जाणे. वैजू समोरून गेली ती सहावी. तिचा श्वास ऐकू आला. तो फुललेला होता पण फाटलेला नव्हता.

"अरे ढोण्या, काय ओरडतोयस?" माझं आडनाव अजून तसंच मोडत मोकाशी सरांनी खुर्चीतूनच विचारलं.

"सर, तिला थांबायला सांगितलंय. तुम्ही सांगायचात तसं, पोटरीचं. हर्डल्स वाचवायची आहे. आणि ही ऐकत नाही!"

सरांनी वैजूकडे बघितलं. ती पलीकडे वळत होती आणि पाचवीच्या खांद्याला लागली होती.

"हं," ते म्हणाले. "तू ऐकलंस."

"काय?"

"तू ऐकलं होतंस. पाच हजारला. आठव्या फेरीला."

आता सांगायलाच हवं. मी शेवटच्या वर्षाला होतो. सकाळी पाच हजार मीटर आणि दुपारी खो-खोचा अंतिम सामना. खो-खो जिंकला की ढाल आमची. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सात फेऱ्या पळ, आठवीला पोटरी धर आणि आत ये. पाच हजारमध्ये साडेबारा फेऱ्या असतात. मी पळालो. आणि त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, मी पळत नव्हतोच, पाय आपोआप पडत होते. सहाव्या फेरीला मी चौथा होतो, सातवीला तिसरा. पुढच्या दोघांचे श्वास मला ऐकू येत होते आणि माझा मला ऐकू येत नव्हता. आठवी फेरी आली. मी पोटरी धरली. इतकी झकास धरली की डॉक्टरांनी स्प्रेची अर्धी बाटली संपवली. दुपारी आम्ही खो-खो जिंकलो, पोरांनी मला खांद्यावर घेतलं. स्टाफरूममध्ये, लग्नात, रियुनियनला, कुठेही मी हा किस्सा सांगायचो. लंगडून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे.

"तुम्हीच सांगितलं होतंत," मी म्हणालो.

"मीच सांगितलं होतं. मला खो-खो हवा होता. ढाल हवी होती." सर अजून ट्रॅककडेच बघत होते. "चूक माझीच, ती कुठे जात नाही. पण मी तेव्हाही असाच रेषेजवळ बसलो होतो बरं का, आणि तू सातव्या फेरीला समोरून गेलास ना, तेव्हा मला वाटलं, आता हा पोरगा काही ऐकत नाही. एवढा पळतोय, कशाला ऐकेल? म्हटलं, ऐकलं नाही तर बरं होईल. आणि तू बरोबर सांगितलं तिथे थांबलास."

मला रागच आला. वीस वर्षांनी हे सांगतात! तेव्हा ओरडायला काय झालं होतं, पळ म्हणून?

पण राग सरांचा नव्हता, हे मला तेव्हाच, उभ्या उभ्या कळत होतं. त्या दिवशी मला थांबता यायला लागलं. त्याच्या आधी मला ते येत नव्हतं. पुढच्या महिन्यात हर्डल्सला आठव्या अडथळ्यावर छाती जळायला लागली आणि डोक्याला कळायच्या आत हात पोटरीवर गेला. कबड्डीत गुडघा धरला. लांब उडीत टाच. दरवेळी थोडं दुखत असायचंच, अगदी खोटं कधीच नव्हतं. आणि दरवेळी दुसरा एखादा खेळ तयार असायचा, संध्याकाळचा, उद्याचा, तिकडे पळत जायला. लोक म्हणायचे, काय पोरगा आहे, एक खेळ सोडत नाही.

घंटा वाजली. शेवटची फेरी. वैजू चौथी होती.

मी ओरडायचा थांबलो होतो. पळ असंही मला म्हणवेना. थांब म्हणून घसा कोरडा केलेल्या माणसाने आता पळ म्हणायचं म्हणजे काय! मी नुसता उभा राहिलो. पलीकडच्या सरळ भागात तिने तिसरीला गाठलं. वळणावर बाहेरून काढलं, जे मी कुणालाही कधी करू देणार नाही, कारण वळणावर बाहेरून जायला जास्त अंतर पडतं. पण तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. पंधराशेतलं मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. शेवटच्या सरळ भागात पहिली लांब होती. दुसरी मागे वळून बघत होती. वैजू कुणाकडे बघत नव्हती, तिची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड उघडं होतं. रेषेच्या दहा पावलं आधी ती दुसऱ्या मुलीच्या पुढे गेली.

दुसरी. वैजयंता काळेल, दुसरी. संघात निवड झाली. जिच्यासाठी एक दिवसही सराव केला नव्हता त्या शर्यतीत.

ती फक्कीतच आडवी झाली. मी धावत गेलो. एक गाल पांढराफेक, दुसरा लालबुंद. तिने डोळे उघडले, मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "सर, वळण दिसलंच न्हाई मला."

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"दिसलं व्हतं," ती म्हणाली.

तेवढ्यात फाटकातून हॉर्न वाजवत टेम्पो आत आला आणि पोरं हर्डल्स उतरवायला धावली.

हर्डल्स ती पळाली. जाऊ नको असं मी म्हणालो नाही, जा असंही म्हणालो नाही. सात मुलींत सहावी आली. तीन अडथळे पाडले, शेवटच्यावर गुडघा फोडून घेतला, उठली आणि रेषेपर्यंत आली. दोन वर्षं त्याच शर्यतीची स्वप्नं बघितली होती आम्ही दोघांनी, आणि ती संपली तेव्हा टाळ्या वाजवायचंही कुणाला सुचलं नाही.

दुपारी मैदानाच्या नळावर ती गुडघा धूत होती. मी शेजारी पट्टी घेऊन उभा. तिथे आणखी कुणी नव्हतं.

"दोन वर्षं," ती एकदम म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही मला त्या बांबूवरनं उड्या मारायला लावल्या सर."

"हो."

"पंधराशे का न्हाई पळवलं?"

"हर्डल्सला मुली कमी असतात. कलर लवकर मिळेल वाटलं." हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं, म्हणून मी पुढे बोललो. "आणि लांबच्या शर्यतीचं मला काही कळत नाही."

"तुम्ही पाच हजार पळायचा की. मोकाशी सर म्हणले मगाशी."

"काय म्हणाले?"

"म्हणले, आठव्या फेरीला थांबला व्हता. त्यांनीच सांगितलेलं, म्हणून." तिने नळ बंद केला. गुडघ्यावरचं रक्त पुन्हा हळूहळू यायला लागलं. मी खाली बसून पट्टी गुंडाळायला लागलो. "सर, थांबला नसता तर कितवे आला असता?"

"माहीत नाही."

"अंदाज असंल की."

मी पट्टी गुंडाळत होतो. वीस वर्षं मी तो किस्सा सांगत होतो, शेकडो लोकांना सांगितला असेल. सगळे लंगडण्याला हसले. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा मला विचारला नव्हता.

"अंदाज पण नाही," मी म्हणालो. "तीन फेऱ्या तिसरा होतो, असं नाही. जेमतेम एक फेरी तिसरा होतो. पुढच्या पाच-साडेपाच फेऱ्यांत काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित कोसळलो असतो. सातवा आलो असतो."

"न्हाईतर पहिला."

"नाहीतर पहिला."

तिने मान खाली घातली. तिला माझ्यासाठी वाईट वाटतंय, असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. बावीस वर्षांची मुलगी, नुकतीच विद्यापीठाच्या संघात निवडलेली, तिला दुसऱ्याच्या जुन्या शर्यतीचं किती वेळ वाईट वाटणार? तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, आणि ते माझ्यासमोर दाबावं लागतंय म्हणून तिची पंचाईत होत होती.

"मग बरंच झालं सर," शेवटी ती म्हणाली, "मी तुमचं ऐकलं न्हाई ते."

"बरंच झालं," मी म्हणालो.

मनापासून म्हणालो. त्या क्षणी माझ्याइतका आनंद तिच्या आईलाही झाला नसता. पट्टीची गाठ मारली, तिला हाताला धरून उभं केलं, आणि ती एका पायावर उड्या मारत, हसत, पोरींच्या घोळक्याकडे गेली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. वैजू आज स्वतः मुलींना पळायला शिकवते, फोन करते, तिच्या मुलींच्या वेळा मला सांगते. पण त्या दुपारी मी नळापाशी एकटा उभा राहिलो आणि मला माझ्या विद्यार्थिनीचा असा हेवा वाटला, असा जळजळीत हेवा, की सगळे जेवायला गेल्यावर मी तो फक्की मारलेला ट्रॅक चपलांनिशी पळत सुटलो आणि चौथ्या फेरीला, खरोखर श्वास संपला म्हणून, थांबलो.